क्रोमबुक घेतलं आणि गणिताचं गणति झालं

माझा जुना लॅपटॉप 2014 चा. बॅगेत टाकला की खांदा उतरायचा, आणि एप्रिल-मे मधे सोलापूरच्या उन्हात त्याचा पंखा असा बोंबलायचा की क्लासची पोरं विचारायची, सर कूलर लावलाय का. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 काय या मशीनवर चढत नाही, म्हणलं आता बास.

मी जुळे सोलापुरात स्कॉलरशिपचे क्लास घेतो. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाकायची, फीचा हिशोब शीटमधे, एवढंच काम. भाचा पुण्यात असतो, तो म्हणाला मामा तुमचं सगळं ब्राउझरमधेच होतंय की, क्रोमबुक घ्या, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या सिस्टीमवर चालणारा लॅपटॉप, व्हायरसची कटकट नाही आणि पंखाच नसलेलं मॉडेल पण मिळतं. पंखा नाही म्हणल्यावर मी निम्मा पटलो होतो.

नवी पेठेत गेलो तर दुकानदार एक मॉडेल लई स्वस्तात देत होता. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला आधी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा. 2021 पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट आहेत पण ती दहा वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. बघितलं तर त्या स्वस्तवाल्याची थोडीच वर्षं उरलेली. कडक भाकरी जुनी चालते, हे नाही चालत. दुसरं घेतलं, आठ जीबी रॅमचं, वजन जुन्याच्या निम्मं. मित्र बघून म्हणाला काय बे, पाटी आणलास का.

पहिले दोन दिवस मजेत. कॅप्स लॉकचं बटन नाही (ऑल्ट आणि सर्च एकत्र दाबायचं), डिलीटचं पण नाही, पण हात बसतो. तिसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हमधनं बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गूगल ड्राइव्हवर चढवल्या, एक उघडली आणि घामच फुटला. मराठी अक्षर एक नाही. नुसते कंस, टक्के, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं. मला वाटलं फाइली गेल्या.

फाइली गेल्या नव्हत्या, भानगड फॉन्टची होती. आपण वर्षानुवर्षं ज्या जुन्या मराठी फॉन्टमधे टाइप केलं ते युनिकोड (म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेली पद्धत) नव्हते, त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याच्यावर मराठी चित्र चिकटवलेलं. फॉन्ट काढला की चित्र गेलं, खालचा कचरा दिसतो. आणि क्रोमबुकवर विंडोजसारखा फॉन्ट आणून टाकता येत नाही, गूगल डॉक्समधे त्यांच्याकडचेच वापरायचे.

मग एका कन्व्हर्टर वेबसाइटवर मजकूर टाकून युनिकोड करून घेतलं. नव्वद टक्के बरोबर आलं म्हणून खूश झालो, तशीच पीडीएफ करून पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी क्लासमधे एका पोरीनं हात वर केला, सर गणति म्हणजे काय? वर तारखेत मार्चचं माचर्! कारण जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार नंतर, टायपरायटरसारखं दिसेल तसं. युनिकोडमधे उच्चाराच्या क्रमानं जातं, आधी ण आणि मग वेलांटी, आधी र आणि मग च. कन्व्हर्टर तिथंच गडबडला. आम्ही पोरांचे शुद्धलेखनाचे मार्क कापतो आणि सरांचीच वेलांटी बाजूच्या घरात, काय सांगायचं.

दिवाळीत भाचा आला तेव्हा त्यानं सेटिंगमधनं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी एक सिस्टीम) चालू केलं, त्यात लिब्रेऑफिस (वर्डसारखंच, पण फुकट) टाकलं आणि जुना फॉन्ट तिथं कॉपी केला. तिथं चालतो! जुनी फाइल जशीच्या तशी दिसली, आकृत्यांसकट. आता जुनं बघायचं असलं तर तिकडं, नवीन टाइप करायचं ते डॉक्समधे. फॉन्ट तिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदीतले नाहीत, पोरांना वाचायला तेच पाहिजेत.

एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना वाटलं गाडीत पेपर तपासून टाकू. कुर्डुवाडी सोडली आणि रेंज गेली, फाइल उघडेना. ऑफलाइनची खूण ड्राइव्हच्या सेटिंगमधे नेट असताना आधीच करून ठेवायची असते हे मला कोण सांगणार. दौंडपर्यंत खिडकीतनं ऊस बघत बसलो.

घरचा जुना प्रिंटर काही त्याला ओळखला नाही. मी पण नाद सोडला, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर झेरॉक्सवाल्याला पाठवतो, क्लासला जाता जाता गठ्ठा उचलतो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम असणाऱ्यांनी मात्र याच्या नादी लागू नका, ते विंडोजचंच काम आहे. बॅटरी दिवसभर जाते, मांडीवर गरम लागत नाही, त्यामुळं मी परत मागं जाणार नाही.

पाचवीच्या सगळ्या पेपरच्या वेलांट्या जाग्यावर बसवून झाल्या, शोधा आणि बदला करून करून. आठवीच्या एकतीस फाइली अजून राहिल्यात. रोज जेवण झाल्यावर दोन करतो, आणि बायको कडेला बसून एकेक ओळ वाचून तपासते, कारण माझ्या डोळ्याला आता गणति पण बरोबरच वाटायला लागलंय.