अंडर द वेदर म्हणजे पाऊस नाही

परवा ऑफिसच्या ग्रुपवर एका सिनियरचा मेसेज आला, फीलिंग अ बिट अंडर द वेदर, आज येत नाही. नवीन जॉइन झालेल्या मुलाने लगेच विचारलं, सर तिकडे खूप पाऊस आहे का? कोणी हसलं नाही ते फार बरं झालं, कारण शब्द धरून अर्थ लावला तर हवामानच येणार ना. त्याला मी नंतर एवढंच सांगितलं की आपण अंगात कसर आहे म्हणतो ना, तेच हे. आणि कसर म्हणजे कसरच हं, कोणाचं ऑपरेशन झालंय आणि आपण त्याला अंडर द वेदर म्हणालो तर ते फार वाईट वाटतं.

मला वाटतं आपल्याला इंग्लिश वाक्प्रचार शिकवले जातात तिथेच गडबड होते, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे मराठी अर्थ, करा पाठ. तो कोण कोणाला कधी म्हणतं हे कोणी सांगतच नाही.

आता स्टील समवन्स थंडर घ्या. पुस्तकात अर्थ असतो श्रेय लाटणे. पण यामागची गोष्ट बघा, जॉन डेनिस नावाचा एक नाटककार होता, त्याने १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमधल्या आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाचा आवाज काढायची एक नवीन पद्धत शोधली. नाटक पडलं, लवकर बंदही झालं. काही दिवसांनी तो तिथेच मॅकबेथ बघायला गेला आणि ऐकतो तर काय, गडगडाट त्याचाच! तो तिथेच ओरडला म्हणे की माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात. मला त्या माणसाचं खरंच वाईट वाटतं. पण आज हा वाक्प्रचार श्रेयापेक्षा जास्त भाव खाऊन जाण्याबद्दल वापरतात, म्हणजे बहिणीच्या साखरपुड्यातच भावाने स्वतःच्या प्रमोशनची बातमी सांगितली तर त्याने तिचं थंडर स्टील केलं, इथे श्रेय कुठे आलं?

टर्न अ ब्लाइंड आय म्हणजे सरळ आपला कानाडोळा. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा सिग्नल दिसू नये म्हणून ब्रिटिश नौदलातल्या नेल्सन नावाच्या सेनापतीने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली असं सांगतात, म्हणजे न दिसणं नाही तर दिसत असून न बघणं, आणि हे नेमकं कानाडोळ्यातही आहेच.

मीट युवर वॉटरलू मात्र जपून वापरा. १८१५ मध्ये नेपोलियन वॉटरलूला हरला, आणि आपल्याकडे १७६१ पासून पानिपत झालं म्हणतात, म्हणून दोन्ही सेम वाटतात. पण पानिपत अख्ख्या टीमचं होतं, कुठल्याही दाणादाण उडालेल्या मॅचला चालतं, वॉटरलू म्हटलं की आधी भरपूर जिंकलेला एक माणूस आणि त्याला शेवटी भेटलेला वरचढ डोळ्यासमोर यायला हवा. रोज हरणाऱ्याचं कसलं वॉटरलू?

आणि साध्या दिसणाऱ्या शब्दांनी तर जास्त घोळ होतो. टेबल करणे, ब्रिटिश माणूस लेट्स टेबल इट म्हणाला तर तो विषय आत्ता चर्चेला घ्यायचाय, अमेरिकन म्हणाला तर तो बाजूला ठेवून द्यायचाय, अगदी उलट! दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा यावरून चांगलाच वाद झाला होता, एका कागदाबद्दल दोघांचंही म्हणणं एकच होतं तरी, हे चर्चिलनेच लिहून ठेवलंय. त्यामुळे दोन्हीकडची माणसं कॉलवर असली की मी हा शब्द वापरतच नाही आणि दुसऱ्या कोणी वापरला तर सरळ विचारते, आत्ता बोलायचं की नंतर?