जनता, तीन नग : कामाची नोंद, आठवडा पहिला ते सहावा

टेबलावर सध्या मनगटी घड्याळांतल्या तीन एचएमटी जनता आहेत. तिन्ही हाताने किल्ली द्यायच्या, तिन्हींत 17 ज्वेलचे (आसांची टोके ज्यांत फिरतात ते कडक दगड) 020 मशीन. सोयीसाठी त्यांना क, ख, ग म्हणू. क चालते, पण दिवसाला वीसेक मिनिटे मागे पडते. ख बंद आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाचे तपकिरी कडे उमटले आहे. ग दिसायला तिघींत देखणी: गडद निळी डायल, आरशासारखी केस, नवी काच. आणि भरवसा सर्वांत कमी तिच्यावरच.

नव्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. एचएमटीने जपानच्या सिटिझनशी करार करून 1961 साली बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. 020 हे त्या सिटिझनच्या घराण्यातलेच मशीन. ताशी 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. हे मशीन अनेक मॉडेलांत वापरले गेले, त्यामुळे भंगारात आजही मिळते आणि एका मेलेल्या घड्याळावर दोन जगवता येतात. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हा कारखान्यातून नवा भाग येण्याचा प्रश्नच उरला नाही. व्हील मिळेल, बॅलन्स (मागे-पुढे झुलून ठोके देणारे चाक) मिळेल, स्टेम (बाहेरच्या चावीचा आत जाणारा दांडा) तर हमखास मिळेल. कारखान्यातून छापून आलेली डायल मात्र एकदा गेली की गेली. तिघींवर काय करायचे आणि काय टाळायचे, ते या एका गोष्टीवरून ठरवले आहे.

ग : उघडण्याआधीची तपासणी

दहापट भिंगाखाली पहिली नजर अक्षरांवर. मूळ छपाईत अक्षराची कड धारदार असते आणि जाडी एकसारखी. ग वरचा 'पॅरा शॉक' (धक्क्यापासून बॅलन्स वाचवणारी रचना) हा मजकूर फुगलेला आहे, 'ए' चे पोट शाईने भरले आहे आणि ओळ डावीकडे किंचित उतरली आहे. दुसरी नजर मिनिटांच्या रेघांवर. बाराच्या खुणेवर मिनिटाची रेघ बरोबर मध्यावर बसते, सहापाशी मात्र अर्धी रेघ सरकलेली. कारखान्यातली डायल एवढी चुकत नाही. तिसरी नजर मधल्या भोकाच्या काठावर: तिथे रंगाचा थर जाड होऊन आत ओघळला आहे, म्हणजे जुन्या डायलवर रंग फिरवून पुन्हा छापले आहे.

डायल काढल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. डायलच्या मागचे दोन्ही पाय कापलेले आणि ती दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली. हे फक्त फसवणुकीपुरते नाही, यात बिघाडही आहे. चिकटपट्टीमुळे डायल अर्धा मिलिमीटरभर वर येते, तासकाटा तिला घासतो आणि घड्याळ दर बारा तासांनी त्याच जागी अडखळते. 'मशीन खराब आहे' म्हणून विकली जाणारी बरीच घड्याळे खरे तर एवढ्याशानेच अडलेली असतात.

परदेशातल्या संग्राहकांनी अशा रंगवलेल्या, जोडतोड केलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे. मुंबईकराला ते झोंबते, पण सगळेच खोटे आहे असे म्हणता येत नाही. जुन्या काळी डायल रंगवून घेणे हा दुरुस्तीचाच भाग होता. गिऱ्हाइकाला डागाळलेली डायल नको असे. तक्रार रंगवण्याबद्दल नाही, रंगवलेली डायल मूळ म्हणून विकण्याबद्दल आहे. फाव्र-लुबा किंवा वेस्ट एंड वॉच कंपनी ही मुंबईशी जुने नाते असलेली नावे. त्यांच्या घड्याळांबाबतही हीच काळजी घ्यावी, उलट जास्त, कारण तिथे पैसा मोठा अडकतो.

ग चा निर्णय: डायल तशीच ठेवायची, पुन्हा रंगवायची नाही. मशीनची सर्व्हिस नंतर.

क : मशीन बरोबर, काटे चूक

टाइमग्राफरवर (ठोके ऐकून गती मोजणारे यंत्र) क दिवसाला 6 सेकंद पुढे. काट्यांवर 20 मिनिटे मागे. हा विरोधाभास दिसला की बॅलन्सला किंवा रेग्युलेटरला (गती कमी-जास्त करायची पट्टी) हात लावायचा नाही. ट्रेन (दातेरी चाकांची साखळी) नीट फिरते आहे, पण तिची गती काट्यांपर्यंत पूर्ण पोचत नाही. गुन्हेगार बहुतेक वेळा कॅनन पिनियन असतो: मधल्या व्हीलच्या आसावर घट्ट, पण हाताने काटे फिरवता येतील इतपत सैल बसणारी नळी. वर्षानुवर्षे काटे फिरवून तिची पकड जाते. तपासणी साधी. चावी ओढून काटे फिरवावेत. बोटाला मऊ, सारखा अडथळा जाणवला पाहिजे. क मध्ये काटे लोण्यातून फिरवावेत तसे फिरत होते.

उपाय म्हणजे पिनियनच्या कमरेवर जी मूळची दाबलेली खाच असते, तिथेच पुन्हा हलके दाबणे. आत भोकाहून थोडी बारीक, निमुळती पोलादी सुई घालावी, म्हणजे नळी चेपून सपाट होत नाही. कटर नव्हे, बोथट जबड्याची पक्कड. दाब थोडा, मग बसवून पाहायचे, पुन्हा थोडा. एकदम दाबले तर पकड इतकी होते की काटे फिरवताना मिनिट व्हीलचे दात जातात किंवा स्टेमवर ताण येतो. क ला दोन खेपा लागल्या. बसवण्याआधी आसावर ग्रीसचा अगदी पुसट हात. कोरडी ठेवली तर महिन्याभरात पुन्हा करकरते.

आता काटे आणि टाइमग्राफर एकच आकडा सांगतात. सर्व्हिस केलेली नाही, मुद्दाम. ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) आडव्या स्थितीत 240 अंशांच्या आसपास आहे, तेल वाळल्याची खूण नाही. चालते त्याला उगाच खोलू नये.

ख : पाणी गेलेली

खरे काम इथेच आहे. झाकण आधी पाहून घ्यावे: दाबाचे असेल तर काठावर एक खाच सापडते, तिथे चाकू टेकवून वळवायचा. आट्यांचे असेल तर सभोवार खाचा असतात आणि पाना लागतो. ख चे झाकण गंजाने धरले होते. काठावर आत शिरणाऱ्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर उलटे ठेवल्यावर सुटले.

मेनस्प्रिंगचा (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) जोर उतरवल्याशिवाय पुढे जायचे नाही. चावी दोन बोटांत घट्ट धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिटी) बाजूला सारायची आणि चावी बोटांतून सावकाश सोडायची. हे विसरून पॅलेट फोर्क (ट्रेनला एकेक दात अडवून सोडणारा काटा) काढला तर सगळी ट्रेन भिरभिरत सुटते आणि एखादा पिवट (आसाचे बारीक टोक) मोडतो. स्टेम सोडवणारा स्क्रू असेल तर दोन आट्यांहून जास्त फिरवू नये. पूर्ण सुटला तर सेटिंग लिव्हर डायलच्या बाजूला पडते आणि डायल काढावीच लागते. दाबायचे बटण असेल तर ते हलके दाबून स्टेम ओढायचा, जोर लावायचा नाही. क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच मशिनांत उलट्या आट्यांचा असतो. फिरत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या बाजूने फिरवून पाहावे.

ओल चावीतून शिरते, म्हणून गंजही तिथून सुरू होतो: स्टेम, वाइंडिंग पिनियन, क्लच, सेटिंग लिव्हरची स्प्रिंग. ख चा स्टेम आट्यांपाशी कुजून मोडायला आला होता, तो बदलला. स्प्रिंगवरचा वरवरचा गंज काच-तंतूच्या पेनाने घासून काढता आला. थर्ड व्हीलच्या एका पिवटवर मात्र खड्डा. पॉलिश करून तो जात नाही, पिवट बारीक होतो आणि ज्वेलच्या भोकात डुगडुगतो. दुसऱ्या मेलेल्या 020 मधून व्हील काढून घातले आणि ब्रिज बसवल्यावर चिमट्याने वर-खाली हलवून मोकळीक पाहिली. हालचाल जाणवावी, पण व्हील तिरपे होता कामा नये.

धुण्याबद्दल एक कळकळीची सूचना. पॅलेट फोर्कचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. म्हणून पॅलेट फोर्क आणि बॅलन्स आयसोप्रोपिलमध्ये टाकायचे नाहीत. घड्याळवाल्यांच्या टेबलावर असते ते पांढरे पेट्रोल त्यांना पुरते. काही मिनिटे बुडवून ब्लोअरने वाळवायचे. बाकी भाग आधी साफ करण्याच्या द्रावणात, मग दोनदा स्वच्छ पेट्रोलमध्ये. ज्वेलची भोके तासलेल्या पेगवूडने फिरवून घ्यायची. काडीचे टोक काळे येणे थांबेपर्यंत टोक तासत राहायचे. ख च्या एका भोकाला पाच वेळा टोक काढावे लागले.

मेनस्प्रिंग जुनी निळ्या पोलादाची होती आणि बाहेर काढल्यावर घट्ट गुंडाळीतच राहिली, उलगडून पसरली नाही. अशा स्प्रिंगमध्ये जोर उरलेला नसतो. नवी घेताना उंची, जाडी, लांबी आणि टोकाचा प्रकार चारही जुळवायचे. हाताने भरली तर शंकूसारखी वाकडी बसते आणि बॅरलच्या झाकणाला घासते, वाइंडर वापरावा.

जोडताना पॅलेट फोर्क घालण्याआधी थांबून एक चाचणी घ्यायची: किल्लीचे दोन-तीन टिचके द्यायचे. ट्रेन सरसर फिरून थांबताना शेवटी किंचित उलटी आली तर ती मोकळी आहे. ख पहिल्या खेपेला तशीच अडून थांबली. कारण ब्रिजखाली पेगवूडचा एक तंतू.

तेलात जास्तीचा थेंब हा कमतरतेहून वाईट. ट्रेनच्या वेगवान बाजूला आणि बॅलन्सच्या ज्वेलना मोबियस 9010, बॅरल आणि मधल्या व्हीलच्या बाजूला एचपी 1300. पॅलेटच्या दगडांना 9415: बाहेरच्या दगडावर थेंब ठेवून एस्केप व्हीलचे (पॅलेट फोर्क अडवतो ते चाक) काही दात पुढे जाऊ द्यायचे, असे तीनदा. पॅलेट फोर्कच्या पिवटना तेल नाही. पॅराशॉकच्या वरच्या ज्वेलवर थेंब ज्वेलच्या निम्म्याहून थोडा मोठा. पॅराशॉकची स्प्रिंग सोडवताना वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरावी. ती उडाली तर सतरंजीत सापडत नाही.

पहिल्या चाचणीत ख दिवसाला सात मिनिटे पुढे! रेग्युलेटर फिरवायचा मोह होतो, तो आवरायचा. एवढी उडी बहुतेक दोनच कारणांनी येते. एक, हेअरस्प्रिंगला (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) तेल लागून वेटोळी एकमेकांना चिकटली. दोन, ती चुंबकली. होकायंत्र जवळ नेले, सुई हलली. डीमॅग्नेटायझरमधून बाहेर ओढल्यावर सात मिनिटांचे 40 सेकंद झाले. उरलेले रेग्युलेटरने.

सहाव्या आठवड्याअखेर, लिफ्ट अँगल (टाइमग्राफरला सांगावा लागणारा मशीनचा कोन) 52 अंश धरून, पूर्ण किल्लीवर ख: डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड 262, दिवसाला 9 सेकंद पुढे, चावी खाली असताना 225, 4 सेकंद मागे, बीट एरर (टिक आणि टॉक यांतला फरक) 0.6 मिलिसेकंद. चोवीस तासांनी ॲम्प्लिट्यूड 220 वर येते. एवढे पुष्कळ झाले. अशा मशीनकडून दिवसाला दोन सेकंदांची अपेक्षा ठेवणे म्हणजे बैलगाडीने लोकल गाठायला निघणे.

ख ची डायल पुसलेली नाही. सातच्या खुणेजवळ पाण्याचा पिवळट डाग आहे, तो राहील. ओला कापूस फिरवला की आधी वरचे लाखेचे पातळ अस्तर उठते आणि मागोमाग छपाई. धूळ फक्त ब्लोअरने उडवली, काट्यांवरचे ठसे रोडिकोने (साफसफाईचा मऊ चिकट गोळा) उचलले. काच ॲक्रिलिकची, ओरखडे 1500 आणि मग 2000 च्या ओल्या पॉलिश पेपरने, शेवटी काचेच्या पॉलिशने. केस चमकवली नाही. बफवर धरली की शिंगांच्या धारा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. पितळेवर मुलामा दिलेली केस असेल तर बफ म्हणजे थेट पितळ उघडे पडणे, पुढे घाम लागून हिरवा कळंक.

घालण्याबाबत

जनताची शिंगे 18 मिलिमीटरची. 20 चा पट्टा दाबून बसवला की स्प्रिंग बारची टोके भोकात पूर्ण शिरत नाहीत आणि घड्याळ एक दिवस गटारात. किल्ली रोज सकाळी, घड्याळ मनगटावरून काढून. हातावर असताना दिली की स्टेमवर आडवा जोर येतो. हाताला अडले की थांबायचे.

पावसाळ्यात कोकण आणि मुंबईकडे या तिघींनी कपाटातच राहावे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पण डबा बंद करण्यापूर्वी घड्याळ आणि पट्टा कोरडे हवेत. घामेजलेल्या चामड्यासकट हवाबंद केले तर आतच बुरशी धरते. काचेच्या आत धुके दिसले तर त्याच दिवशी झाकण उघडायचे. ख चे झाकण तेव्हा उघडले असते तर थर्ड व्हील वाचले असते.

पुढच्या खेपेला: ग ची चिकटपट्टी काढणे, डायलला नवे पाय लावणे. पायांना डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, उष्णतेने पुढचा रंग फुगतो, म्हणून आधी एका निकामी डायलवर चाचणी.