मुलीनं धैर्यधर केला तर?

आज इथल्या एका हौशी संस्थेत 'मानापमान' या संगीत नाटकासाठी निवड होती. एका मुलीनं नायकाचं, म्हणजे धैर्यधराचं पद गायला मागितलं. पेटीवाल्या काकांनी पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार धरली आणि तिची तान अशी स्वच्छ गेली की चहा आणणारा पोरगा दारातच थांबला. तरी उत्तर काय? "बाळ, तू नायिका, भामिनी कर की."

मला अजिबात पटलं नाही. १९२१ च्या संयुक्त, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या 'मानापमान'मध्ये भामिनी बालगंधर्वांनी केली, समोर धैर्यधर आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले. स्वतः केशवरावांनीही स्त्रीभूमिका गाजवल्या. पुरुषाची भामिनी आपण शंभर वर्षं कौतुकानं सांगतो, मग मुलीचा धैर्यधर का खटकतो? उलट धैर्यधर आणि भामिनी करणाऱ्या दोघींची पट्टी जुळली, तर साथीलाही सोपं जातं. तिला पुन्हा ऐका, असं स्पष्ट सांगून आलेय.