शिवडीचा सी व्ह्यू

शिवडीहून निघणारा अटल सेतू सुरू झाला जानेवारी 2024 मध्ये, आणि तेव्हापासून आमच्याकडे बिल्डरांच्या होर्डिंगना नुसता ऊत आलाय. परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चाललेलो, सिग्नलला रिक्षा थांबली आणि समोर भलंमोठं होर्डिंग, निळंशार पाणी, पांढरी बोट, आणि लिहिलेलं काय तर सी व्ह्यू. आई मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनीही ते नीट वाचते आणि मला विचारते, "हा कुठला रे समुद्र?" मी म्हटलं आपलाच, शिवडीचा. "आपला? आपल्याकडे तर चिखल आहे." रिक्षावाला एवढा हसला की सिग्नल सुटला तरी निघेना.

आता शिवडीच्या चिखलाला मी नावं ठेवणार नाही, त्या चिखलामुळेच तर हिवाळ्यात हजारोंनी फ्लेमिंगो येतात. पण मुद्दा असा की शिवडीत, कॉटन ग्रीनला, रे रोडला जन्म काढलेल्या माणसालाही समुद्र दिसत नाही. मध्ये हार्बर लाईन, मग मुंबई पोर्टचे रस्ते, मग गोदामं, मग कंपाउंडची भिंत. माझे वडील गोदीत क्रेनवर होते, त्यांना दिवसभर पाणी दिसायचं, आम्हाला त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा तेवढाच आमचा समुद्र.

तर विषय हा, की कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा हा पूर्वेकडचा किनारा, पोर्टची सुमारे 1,800 एकर जमीन, हिचं काय करायचं. जमीन मोकळी का पडायला लागली हे सगळ्यांना माहितीये, 1989 ला समोर न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले, जुन्या मुंबईच्या गोद्या नव्या जहाजांना पुरेनाशा झाल्या. 1880 चा प्रिन्सेस डॉक आणि 1888 चा व्हिक्टोरिया डॉक तर बुजवूनच टाकले (1944 चा तो भीषण स्फोट व्हिक्टोरिया डॉकमध्येच झालेला). मग 2014 ला ह्या जमिनीचा विचार करायला राणी जाधव समिती झाली, 2018 मध्ये पोर्ट ट्रस्टलाच त्या जागेचं नियोजन प्राधिकरण केलं, ड्राफ्ट प्लॅन आला, हरकती-सूचना झाल्या. तेव्हापासून चर्चा कसली तर प्रोमेनेड, मरीना, क्रूझ टर्मिनल, रोप वे. छानच आहे सगळं, मी पण जाईन फिरायला. पण राहणार कोण तिथे, हा प्रश्न शेवटच्या पानावर का असतो ते मला कळत नाही.

मला हा किडा चावला तो 2019 ला. मावसबहीण हॅम्बुर्गला असते, तिच्याकडे गेलेलो 3 आठवडे, आणि तिने पहिल्याच रविवारी हाफेनसिटीला नेलं. तिथलीही गोष्ट आपल्यासारखीच, जुनं बंदर, कंटेनर नदीच्या पलीकडे गेले, शहराच्या अगदी मधोमध 157 हेक्टर जागा पडून. 2000 साली मास्टर प्लॅन केला आणि जमीन शहराच्याच मालकीची असल्यामुळे अटी शहराने घातल्या. बिल्डरला प्लॉट आधी विकत नाहीत, फक्त राखून ठेवतात, त्या मुदतीत त्याने डिझाइन करायचं, परवानग्या काढायच्या, आणि हे सगळं पटलं तरच व्यवहार. नुसती मोठी बोली लावली म्हणून प्लॉट मिळत नाही. आपल्याकडे हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात जसं काय मी चंद्रावरून आलोय.

अजून एक गोष्ट मी तिथे अक्षरशः हाताने ठोकून बघितली. झांडटोरकाय म्हणून एक धक्का आहे, तिथे खालच्या पातळीवर चालत जाताना इमारतींना जाड लोखंडी दारं दिसतात, मला आधी वाटलं गोदामाची असतील, बहीण म्हणाली पुराची आहेत. 1962 ला हॅम्बुर्गात वादळी भरती आली, 300 च्या वर माणसं मेली, ते हे लोक विसरलेले नाहीत. हा भाग पुराच्या बंधाऱ्याच्या बाहेर येतो, म्हणून इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून 8-9 मीटर उंच उचललेत, खालचा धक्का मात्र पाण्याजवळच ठेवलाय, पाणी चढलं तर दारं लावायची. उधाणाची भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आला की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, आणि इथे आपण पाण्याला लागून बेसमेंट पार्किंगची चित्रं काढतोय.

पण तिथलं सगळं गोडच आहे असं नाही. सुरुवातीची घरं भयंकर महाग झाली, श्रीमंतांची वस्ती म्हणून तिथल्याच लोकांनी शिव्या घातल्या, त्या एल्बफिलहार्मोनी कॉन्सर्ट हॉलचा खर्च तर इतका वाढला की विचारू नका. मग पुढच्या टप्प्यांत नियम आला की साधारण एक तृतीयांश घरं सरकारी मदतीची, कमी भाड्याची. आणि ती वेगळ्या कोपऱ्यात नाही, त्याच भागात. म्हणजे त्यांनाही आधी चुकून मग शहाणपण आलं, फरक एवढाच की जमीन शहराच्या हातात होती म्हणून पुढच्या टप्प्यात चूक सुधारता आली. आपल्याकडे चूक सुधारायला जागाच उरत नाही, हे मी उगाच नाही म्हणत, गिरणगावात बघितलंय.

गिरण्यांचं सांगतो, थोडं लांबेल. 1982 चा गिरणी कामगारांचा संप, गिरण्या बंद, मग 1991 मध्ये डीसी रूल 58 आला, म्हणजे शहराच्या विकास नियंत्रण नियमांतला गिरण्यांच्या जमिनीचा नियम. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने तीन वाटे, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 1996 ला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिआंची समिती नेमली, सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा म्हणून, बागा एकमेकींना जोडता येतील, रस्ते निघतील वगैरे. आणि 2001 मध्ये नियमात बदल झाला की वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती वाटणीत धरायचीच नाही! आता हिशोब करा, समजा गिरणी 15 एकरांची, 12 एकरांवर बांधकाम. आधीच्या नियमाने म्हाडाला साधारण 5 एकर आली असती. नंतरच्या नियमाने वाटायला राहिली 3 एकर, म्हणजे म्हाडाला 1. शब्द एकच बदलला, मोकळी, आणि 5 ची 1 झाली. ह्या बदलाविरुद्ध लोक हायकोर्टात गेले, तिथे जिंकले, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. आज परळ-लोअर परळला उभं राहून बाग शोधून दाखवा.

म्हणून मला पोर्टच्या प्लॅनमध्ये परवडणारी घरं असा शब्द वाचला की आनंद होत नाही, पहिलं डोक्यात येतं व्याख्या काय आहे. जीएसटीच्या हिशोबात मुंबईसारख्या शहरात 60 चौरस मीटर कार्पेटपर्यंत आणि 45 लाखांपर्यंतचं घर म्हणजे परवडणारं. 45 लाखात शिवडीला काय येईल हो, बाथरूम आणि अर्धं किचन? मुंबईच्या नव्या डीसी नियमांत मोठ्या प्लॉटवर, म्हणजे 4,000 चौरस मीटरच्या वर, 20 टक्के छोटी घरं द्यायची तरतूद आहे, पण ती त्याच वॉर्डात दुसरीकडे दिली तरी चालतात. दुसरीकडे म्हणजे कुठे ते आम्हाला न सांगता कळतं. पाण्याकडची बाजू एकाची आणि गटाराकडची दुसऱ्याची.

माझं म्हणणं साधं आहे आणि इंजिनिअर मित्राला ते फारच बाळबोध वाटतं, असू दे. जमीन एकाच मालकाची, तीही सरकारी. तेव्हा ती विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, आणि पहिली वीट लागायच्या आधी नकाशावर रंगवून टाकायचं की ह्या ह्या प्लॉटवर कमी भाड्याची घरं, आणि त्यातले काही प्लॉट पाण्याच्या पहिल्या रांगेत. आणि हो, भाड्याची. सगळ्यांना मालकीचंच घर द्यायचं हे खूळ आपण कधी सोडणार? नवीन नोकरी लागलेली नर्स, हमाल, हॉटेलातला पोऱ्या, ह्यांना 20 वर्षांचा हप्ता नको असतो, कामाच्या जवळ एक खोली हवी असते, संडास आत असलेली.

मित्र म्हणतो एवढी माणसं कोंबली तर दाटी होईल. अरे बाबा, मी बीडीडीत वाढलोय, इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळीत! तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, एका चाळीत 80, खोली 160 चौरस फुटांची, घरटी 5 माणसं धरली तरी 400 माणसं एका चाळीत, आणि लिफ्ट नाही. दाटी आम्हाला शिकवू नका. संडासाची लाईन वाईट होती, पावसात पॅसेजमधे पाणी यायचं ते वाईट होतं, दाटी वाईट नव्हती. हाफेनसिटीतल्या बहुतेक इमारतीही 6-7 मजल्यांच्याच आहेत, 50 मजली टॉवर आणि खाली 8 मजले पार्किंग असला प्रकार नाही. टॉवरचा आणखी एक घोळ म्हणजे मेंटेनन्स, लिफ्ट पाहिजे, पंप पाहिजे, जनरेटर पाहिजे, फुकट मिळालेलं घरही महिन्याला एवढं खातं की माणूस ते भाड्याने देऊन कल्याणच्या पुढे जातो. माझ्या एका आत्त्याचं तेच झालं, ती आता बदलापूरला आहे आणि दर रविवारी शिवडीला मासे घ्यायला येते.

आणि ते मिक्स्ड यूज. आमच्या चाळींच्या तळाला आणि आजूबाजूला पिठाची गिरणी, किराणा, टेलर, खानावळ, क्लासेस, इस्त्रीवाला, सगळं होतं, त्याला कोणी मिक्स्ड यूज म्हणत नव्हतं. प्लॅनवाल्यांच्या चित्रात मिक्स्ड यूज म्हणजे वर ऑफिस खाली कॅफे. मग रे रोडजवळच्या दारूखाना भागातले जहाजाचे सुटे भाग विकणारे कुठे जाणार? भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी उतरते, बर्फ फुटतो, लिलाव होतो, त्याच्या शेजारी कोणी 5 कोटींचा फ्लॅट घेतला की सहा महिन्यांत वासाची तक्रार येणार हे लिहून घ्या. हॅम्बुर्गात बऱ्याच प्लॉटना अट होती की तळमजला 5 मीटर उंच ठेवायचा, दुकान-वर्कशॉप काहीही बसेल असा. ही अट मला फार आवडलेली. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी सातनंतर तिथले काही रस्ते एवढे सुनसान होते की मी बहिणीला म्हटलं, इथे एक वडापावची गाडी लावली ना तर अर्धा प्रश्न सुटेल.

असो. बीडीडीचं शेवटचं सांगायचं राहिलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी. वरळीला 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, 160 फुटांच्या जागी 500 फूट. आमच्या शिवडीच्या 12 मात्र मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन पोर्टची, म्हणजे केंद्राची, आणि फाईल मुंबई-दिल्ली करत बसली. म्हणजे ज्या जमिनीवर उद्या नवं शहर वसवायचंय, तिच्यावरच जे 100 वर्षं राहतायत त्यांचंच आधी अडलेलं.

आमच्या समोरच्या खोलीतले काका गेली बारा-तेरा वर्षं दार बदलत नव्हते. खालची फळी कुजलेली, तिथून उंदीर यायचे, काकू रोज रात्री फटीत गोणपाट कोंबायच्या, आणि कोणी बोललं की काका म्हणायचे कशाला खर्च, आता पाडणारच आहेत. गेल्या महिन्यात आईला भेटायला गेलो तर पॅसेजमधे सुतार बसलेला, भुशाचा ढीग, आणि काका नव्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "चांगलं सागवानी घेतलंय. पंचवीस वर्षं बघायला नको."