तोत्तोचानची आई

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी कपाट आवरताना 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक हाती लागलं आणि आवरणं तिथेच राहिलं. चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टची माझी जुनी कॉपी, पानं पार पिवळी पडलीयेत. सातवीत असताना बाबांनी घेऊन दिलेली. तेव्हा मला त्यातले रेल्वेचे डबेच आवडले होते, जुन्या डब्यांत वर्ग भरतात म्हणजे काय भारी! आजोबा मला बडोद्याच्या प्रतापनगरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं डभोईला न्यायचे, त्यामुळे माझ्या डोक्यात तोत्तोचानची तोमोए शाळा म्हणजे तोच डबा, खिडकीचे गज धरले की हाताला येणारा तोच लोखंडाचा वास.

आज डबे येईपर्यंत पोचलेच नाही, पहिल्या काही पानांतच अडकले. आईपाशी. पहिलीतल्या तोत्तोचानला आधीच्या शाळेतून काढलंय, का तर ती डेस्कचं झाकण सारखं उघडते नि लावते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. आई बाईंचं सगळं ऐकून घेते आणि लेकीला विचारते एवढंच, नव्या शाळेत जायचं का? आपल्याला काढून टाकलं होतं हे तोत्तोचानला कळतं विसावा वाढदिवस होऊन गेल्यावर! हे मी लहानपणी वाचलं असणारच, पण लक्षातच राहिलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या लेकाच्या शाळेत पीटीएम, म्हणजे पालकसभा होती. टीचरनं जे जे सांगितलं ते मी रिक्षात बसल्या बसल्या, फतेगंजपासून दांडिया बाजार येईपर्यंत, शब्द न शब्द त्याला ऐकवलं, सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलीस म्हटलं. तो बाहेर बघत होता आणि वॉटरबॉटलचं झाकण उघडत होता, लावत होता, परत उघडत होता. मी त्यावरूनही ओरडले. आज डेस्कचं झाकण वाचलं आणि ते झाकण डोळ्यांसमोर आलं, पुढे वाचवेना.

मग तोमोएचे मुख्याध्यापक कोबायाशी सर. पहिल्याच भेटीत चार तास तिचं ऐकत बसतात, एक जांभई नाही. पाकीट संडासात पडलं म्हणून ती टाकीतली घाण उपसून ढीग लावते, तर म्हणतात काय, झालं की सगळं परत आत टाकशील ना? बस. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली, पुस्तक आलं १९८१ मध्ये, म्हणजे तेत्सुको कुरोयानागींनी, पुस्तकाच्या लेखिकेनं नि खऱ्या तोत्तोचाननं, ते चार तास एवढी वर्षं जपले.

रात्री त्याच्याजवळ जाऊन पडले, म्हटलं काहीही सांग. आधी "काय सांगू?" म्हणाला, मग रिसेसमध्ये कोणाचा ढोकळा कोणी सांडला तिथून सुरू झाला तो पाऊण तास. मोबाईल दोनदा वाजला, उचलला नाही. रिक्षातलं त्यानं काही काढलं नाही. मलाही अजून विचारायचा धीर झालेला नाही.