तुम्ही विचारलंत म्हणून: "तिथे आहे तरी काय?"

"कोलंबस? ओहायोतलं ना?" नाही हो, इंडियानातलं. "मग तिथे बघण्यासारखं काय आहे?" पुण्यात लग्नाच्या पंगतीत आणि न्यू जर्सीत आरतीनंतर प्रसाद हातात घेता घेता हेच विचारलं जातं. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतोच: एवढी अमेरिका पडली असताना तुम्ही त्या खेड्यात काय करता? एकदाच सांगून टाकते.

बघण्यासारखं भरपूर आहे, नामवंत वास्तुशिल्पींच्या इमारती. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, पण एलिएल सारिनेनचं 1942चं चर्च इथे आहे. त्याच्या समोर आय. एम. पेई यांचं ग्रंथालय आणि ग्रंथालयाच्या अंगणात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची भलीमोठी कमान. एलिएलचा मुलगा ईरो, त्याची 1954ची बँकेची इमारत चहूबाजूंनी काचेची. साधं अग्निशमन केंद्रसुद्धा रॉबर्ट वेंचुरीचं! पाहुण्यांना हे सगळं फिरवते, मग झाहाराकोजमध्ये आइस्क्रीम खायला घालते. दुकान 1900 सालचं, तिथलं ऑर्केस्ट्रियन हे जुनं यंत्रवाद्य आपलं आपण वाजतं, मंडळी खूश होतात. दोन दिवसांत गाव संपतं आणि त्यांना शिकागोचे वेध लागतात. लागू देत.

एवढ्याशा गावात हे सगळं आलं कुठून, ते मात्र कुणी विचारत नाही. इथल्या कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या जे. अर्विन मिलर यांनी 1950च्या दशकात गावापुढे प्रस्ताव ठेवला: आमच्या यादीतला वास्तुशिल्पी निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. सुरुवात शाळांपासून झाली. मिलरना हौस होतीच, पण हिशेबही होता. चांगले इंजिनिअर असल्या आडगावात यावेत कशाला आणि टिकावेत कशाला? म्हणजे तुमचा प्रश्न त्यांनाही पडला होता. पुढे 1962मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली. इथल्या किराणा दुकानात मधूनच "अगं, कढीपत्ता संपला वाटतं" ऐकू येतं, ते त्यामुळेच.

मीही हेच पाठ केलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, हातात इंजिनिअरिंगची पदवी आणि कामाची परवानगी नाही. ती आमच्यासारख्यांना 2015मध्ये मिळाली, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत नवऱ्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. तोवर कुणी काही विचारलं की मी सारिनेन सांगायचे.

लेक झाली तेव्हा आई आली. सदाशिव पेठेतली बाई, रोज मंडईत पायी जाणारी. फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाळाबरोबर मला डोळा लागला. जाग आली ती फोनने. ग्रंथालयातल्या बाई बोलत होत्या: तुमची आई इथे आहे, सुखरूप आहे. पर्समधल्या चिठ्ठीवर आमचा नंबर होता. गाडी नवऱ्याकडे, मला चालवताही येत नव्हती. बाळाला घेऊन मी खिडकीशी उभी राहिले.

नवरा तिला घेऊन आला तेव्हा तिच्या पायात माझे बर्फातले बूट होते, तिला चांगले मोठे. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी साडीच्या काठाला लागून वाळलं होतं आणि काठावर पांढरी कड उमटली होती. "चालत गेले, त्यात काय एवढं?" म्हणाली. "वाटेत विचारायला एक माणूस नाही. गाड्या मात्र हळू होऊन बघत होत्या." रात्री काठ चोळता चोळता तिने विचारलं, "तू दिवसभर बोलतेस कोणाशी?" मी म्हटलं, तू गेलीस ना, ते ग्रंथालय कुणाचं आहे माहितीये? आणि पेई सांगायला लागले. चर्च सांगितलं, कमान सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. "बांधलंय छानच. पण मी विचारलं काय?"

मी चिडले. तुला काय कळतंय, रांग सोडून जायचं कुठे, दुसरीकडे नोकरी धरायची तर किती कागद नव्याने करायचे, असं बरंच बोलले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिने परतीचं तिकीट अलीकडे आणलं. पुन्हा आली नाही. हल्ली व्हिडिओ कॉलवर नातीशी तासभर गप्पा मारते, मला मात्र गावाबद्दल काहीच विचारत नाही. विचारता ते तुम्ही.

आता कार्ड आलंय, मी गाडी चालवते, नोकरी करते. कुठेही जायला मोकळे आहोत आणि गेलो नाही. लेकीची शाळा, घराचं कर्ज, ही कारणं मी देते. त्या खिडकीतली मी म्हणेल, "सवय झाली तुला, दुसरं काय?" असेल. पण बर्फ पडला की शेजारचे आजोबा न सांगता आमची वाट मोकळी करून जातात, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं? आणि तरी दर फेब्रुवारीत मी दुसऱ्या शहरांतल्या घरांच्या किमती बघत बसते, हेही खरं.

तेव्हा या. ऑक्टोबरमध्ये या, जवळच्या ब्राउन काउंटीत झाडं लाल-पिवळी होतात. इंडियानापोलिसच्या विमानतळावर घ्यायला येईन, तासाभराचा रस्ता आहे. वाटेत सारिनेनबद्दल एक शब्द बोलणार नाही, तुम्ही विचारलंत तरच.