वैऱ्याचं नाव घेताना

९ जानेवारी

नऊ दिवसांनी वही उघडली. मनात जे चाललंय ते चर्चच्या मंडळीत कुणापाशी बोलता येईना, म्हणून लिहिते आहे.

३१ डिसेंबरला मावशींच्या घरी वर्षाअखेरची आभारप्रार्थना होती. पंधरा-सोळा माणसं, त्यात बायाच जास्त. दुसरं गाणं संपत आलं होतं, तेवढ्यात सहा-सात पोरं चपलांसकट आत आली. पहिला प्रश्न, 'धर्म बदलायला किती पैसे देता?' मावशींचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. त्या खोलीत बदलण्यासारखं कुणी नव्हतंच. पण ऐकून घ्यायला कुणी आलंच नव्हतं. एकानं ढोलकी उचलून ओट्यावर आपटली, पुडी टराटरा फाटली. पाळकसाहेब हात जोडून मधे गेले तर त्यांना ढकललं. ते चहाच्या ट्रेवर पडले आणि मनगट मुरगळलं. कप फुटले, चहा सतरंजीवर पसरला, आणि मावशी त्याही गडबडीत पदरानं बायबल पुसत होत्या.

एक पोरगा हे सगळं मोबाइलवर घेत होता. आधी मी त्याचा हात ओळखला, मग चेहरा. डावा हात. चौथीत तो माझ्या वर्गात होता. 'बाई, ह्याला उजव्या हातानं लिहायला लावा,' असं त्याच्या घरून सांगितलेलं. मी लावलं नाही. त्याला 'ळ' काढता यायचा नाही, मधली गाठ सुटून जायची. कितीतरी दिवस त्याचा तो डावा हात माझ्या हातात धरून मी पाटीवर 'ळ' गिरवून घेतला होता.

माझ्याकडं त्यानं एकदाच बघितलं. मोबाइल सगळ्यांवरून फिरवला, माझ्यापाशी आला तेव्हा खाली घेतला आणि मला ओलांडून पुढं नेला. त्याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही.

१२ जानेवारी

महिला मंडळात आज दुसरा विषयच नव्हता. कुणी रडलं, कुणी चिडलं. शेवटी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'जाऊ दे, प्रभू बघून घेईल.' मीही म्हटलं. घरी येऊन भाकरीचं पीठ मळताना ते वाक्य परत कानात आलं आणि माझे हात थांबले.

बघून घेईल म्हणजे काय? आम्हांला काय बघायचं होतं? खरं लिहायचं तर मला त्या पोरांचं वाईट झालेलं बघायचं होतं. माझ्या हातून व्हायला नको, देवाच्या हातून व्हावं, एवढाच काय तो फरक. जिभेवर भक्तीचे शब्द आणि आत शाप. पन्नास वर्षं मी शब्बाथशाळेपासून ऐकत आले, 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.' त्यातलं 'त्यांच्यासाठी' आम्ही कधी 'त्यांच्याविरुद्ध' करून टाकलं, ते आमचं आम्हांला कळलं नाही.

स्तोत्र १०९ काढून वाचलं. त्यात दाविदानं वैऱ्याला काय काय म्हटलंय! त्याची मुलं अनाथ होवोत इथपर्यंत. लहानपणी हे पान मी भीतीनं उलटायची. आज वाटलं, बरं झालं हे बायबलात राहिलं. राग देवापुढं ओतायला जागा आहे. पण दावीद तो राग देवापाशी ओतून मोकळा होतो, आणि आम्ही तो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवत बसलो आहोत. काल कुणीतरी त्या पोरांचे फोटो टाकले, खाली 'ख्रिस्तविरोधी' असं लिहून. ग्रुपवर सत्तर जण आहेत. एकानंही 'काढा ते' म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

१५ जानेवारी

तक्रार करायची की नाही यावरून मंडळीत दोन तट. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ख्रिस्ती माणसानं क्षमा करावी, पोलिसांत जाऊ नये. तरुण संघाची पोरं म्हणतात, आपण शेळ्यामेंढ्या आहोत का? त्यांच्यातल्या दोघांच्या तोंडी तर त्या पोरांना गाठायची भाषा होती. पाळकसाहेबांनी बांधलेला हात वर करून त्यांना गप्प केलं. म्हणाले, गेथशेमानेत पेत्रानंही तलवार काढली होती. पकडायला आलेल्यांतल्या मल्खाचा कान त्यानं कापला, आणि प्रभूला अटक होत असताना त्याचं शेवटचं काम झालं ते वैऱ्याचा कान बरा करण्याचं.

मला मात्र ज्येष्ठांचंही पटलं नाही. फिलिप्पै शहरात प्रभूची सुवार्ता सांगणाऱ्या पौल आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायला माणसं धाडली, तर पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं, म्हणाला. ज्यानं 'तुमचा छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या' असं लिहिलं, तोच हा माणूस. त्याला त्यात विरोध वाटला नाही. आपल्या घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलम मावशींच्या घरालाही लागू आहे. उद्या ही पोरं दुसऱ्या कुणाच्या घरात शिरतील, तिथं कदाचित एखादी म्हातारी पडेल. तिच्या वतीनं क्षमा करायचा हक्क मला कुणी दिला?

तक्रार दिली. साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. 'मिटवून टाका बाई, गावातलीच पोरं आहेत,' असं ऐकून घ्यावं लागलं. मी म्हटलं, माझ्या मनातलं मी मिटवते आहे, तुम्ही कागदावरचं लिहून घ्या.

मनातलं मिटवते आहे हे मात्र खोटं होतं. रात्री प्रार्थनेत त्या सगळ्यांना 'ती पोरं' म्हणून उरकलं. त्याचं नाव तोंडातून निघेना.

२२ जानेवारी, रात्री

आजची रात्र आली की मनोहरपूर आठवतंच. १९९९. ओडिशातल्या क्योंझर जिल्ह्यातलं ते गाव. कुष्ठरोग्यांत काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आपल्या दोन मुलांना घेऊन गाडीत झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहाचा. जमावानं गाडी पेटवली आणि तिघांनाही बाहेर पडू दिलं नाही. तेव्हा मला पहिलीचा वर्ग होता. सहा वर्षांची चाळीस पोरं समोर बसलेली. त्या दिवशी मी फळ्याकडं तोंड करूनच शिकवलं होतं.

त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी क्षमा केल्याचं सांगितलं, तेव्हा मला ते मानवतच नव्हतं. इतक्या लवकर? आई आहे की कोण आहे ही? आज इतक्या वर्षांनी वाटतं, मी तेव्हा त्यांचे शब्द ऐकत होते आणि त्यांनी पुढं काय केलं ते बघायचं राहून गेलं. त्या निघून गेल्या नाहीत. एस्तेर या मुलीला घेऊन बारीपद्यातच राहिल्या, २००४ पर्यंत, आणि कुष्ठरोग्यांचं जे काम नवऱ्यानं चालवलं होतं ते चालवलं. तिथल्याच मयूरभंज जिल्ह्याच्या मातीत रोज सकाळी उठून जखमा धुणं, औषधपाणी. क्षमा एका क्षणात बोलता येत असेल, पण ती अशी पाच वर्षं रोज सकाळी उठून करावी लागते. आणि खटला त्यांनी अडवला नाही. क्षमा त्यांची होती, शिक्षा कायद्याची. मुख्य आरोपी दारासिंगला झालेली फाशी पुढं उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तीच कायम ठेवली.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, 'जसे आम्ही आपल्या ऋणींस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' आमच्या नगरकडच्या माणसाला ऋण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. सावकाराच्या पेटीतलं खत. ऋण सोडणं म्हणजे येणं होतंच, खरंच होतं, आणि ते वसूल करायचं नाही असं ठरवणं. 'काही झालंच नाही' म्हणणं वेगळं. स्टेन्सबाईंचं येणं केवढं होतं! माझं येणं ते काय, एक ढोलकी, चार कप आणि एका विद्यार्थ्याची नजर. तेवढंही खत माझ्या मुठीतून सुटत नाही.

२५ जानेवारी

पौलाच्या परिवर्तनाचा दिवस. सकाळी प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय वाचला. दरवेळी माझं लक्ष त्या प्रकाशाकडं आणि शौलाच्या, म्हणजे पुढं पौल झालेल्या माणसाच्या, पडण्याकडं असायचं. आज हनन्यापाशी अडकले. दिमिष्कातला, म्हणजे दमास्कसचा, साधा शिष्य. त्याला प्रभू म्हणतो, ऊठ, नीट नावाच्या रस्त्यावर जा, शौल तिथं आहे. आणि हनन्या चक्क हरकत घेतो. या माणसानं तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय, इथंही आम्हांला बांधून न्यायचा अधिकार घेऊन आलाय. देवाला माहीत नसल्यासारखं त्याला सांगतो! मला हा माणूस फार जवळचा वाटला. प्रभू त्याच्यावर रागावत नाही. भीती खोटी आहे असंही म्हणत नाही. फक्त, जा.

तो जातो, त्या आंधळ्या झालेल्या वैऱ्यावर हात ठेवतो आणि पहिला शब्द काढतो, 'शौल भाऊ.'

नाव घेतलं, आणि पुढं भाऊ लावलं. शौलाचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. तोंडानं त्यानं माफी मागितल्याचंही त्या अध्यायात नाही.

मध्य प्रदेशातल्या उदयनगरच्या राणी मारिया सिस्टरांची आठवण झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत समंदरसिंगनं त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. गरीब शेतमजुरांना सावकारांपासून सोडवायचं काम त्या करत होत्या, तेच कुणाकुणाला खुपत होतं. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सेल्मी सिस्टर, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि रक्षाबंधनाला समंदरसिंगच्या मनगटाला तिनं राखी बांधली. ज्या हातानं बहीण मारली त्याच हाताला. आमच्या घराघरांतल्या बायांना कळेल अशी क्षमा ही. राखी बांधताना मनगट धरावं लागतं, लांबून बांधता येत नाही.

दुपारी आणखी एक विचार आला, तो टाळून चालणार नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय आकाश कोसळलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. त्या वेळी त्यांना आम्ही ख्रिस्ती लोक कोण वाटत असू? घर फोडणारेच ना? त्यांचा राग खरा होता, दुःख खरं होतं. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्याआधीची त्यांची वर्षं खोटी ठरत नाहीत. या पोराच्या मनातही कुणीतरी अशीच भीती भरली असेल, आपलं घर फोडायला माणसं आली आहेत अशी. भीती खोटी, पण ती भोगणारा खरा. त्यानं केलं ते चूकच, तक्रार मी मागं घेणार नाही. फक्त तो 'ख्रिस्तविरोधी' आहे असं मी म्हणणार नाही. ग्रुपवर तसं लिहिलं आणि फोटो काढायला लावले. दोघांनी मला भित्री म्हटलं.

१२ फेब्रुवारी

आज परत मावशींच्याच घरी प्रार्थना होती. दार लावून घ्यावं का, अशी आधी कुजबुज झाली. मावशी म्हणाल्या, दार कशाला लावायचं, उकडतं. सतरंजी धुतलेली, तरी चहाचा डाग कोपऱ्यात तसाच. पाळकसाहेबांच्या हातावर पट्टा होता. ढोलकीची पुडी अजून बसवून आली नव्हती.

आळवणीची वेळ आली. आजारी, परीक्षेला बसलेली मुलं, परगावी गेलेले, असं एकेक झालं. मग मी तोंड उघडलं. आधी नुसतं 'प्रभू' म्हणून थांबले. घसा कोरडा पडला होता. मग त्याचं नाव घेतलं. इथं लिहीत नाही, पण तिथं पूर्ण घेतलं, वर्गात हजेरी घेताना घ्यायची तसं, बापाच्या नावासकट. त्याला काम मिळू दे, म्हटलं. बारावीनंतर तो रिकामाच आहे हे मला शेजारणीकडून कळलं होतं. त्याचं बरं होऊ दे.

कुणी 'आमेन' म्हणेना. पंखा नुसता करकरत होता. मावशींनी डोळे मिटलेलेच ठेवून म्हटलं, 'आणि प्रभू, त्याच्या आईचे गुडघे लई दुखतात, तिलाबी बघ.' मग तरुण संघातला एक पोरगा, जो सगळ्यात जास्त तापला होता, हळूच 'आमेन' म्हणाला.

नंतरचं गाणं टाळ्यांवरच म्हटलं. दार उघडंच होतं.